चौदा पायांचा आरोपी

एखादी वस्तू बिघडली की माणसाला वाईट वाटतं, हे खरं. पण ती कोणामुळं बिघडली हे कळल्यावर जे समाधान मिळतं, ते ती दुरुस्त झाल्यावरसुद्धा मिळत नाही. भात करपला तर घरात पहिला प्रश्न 'आता काय खायचं?' असा येत नाही. 'गॅस कोणी मोठा केला होता?' असा येतो. आमच्या सोसायटीत पाणी आलं नाही, तर पंप कसा दुरुस्त करायचा यावर मीटिंगमध्ये पाच मिनिटं बोलणं होतं आणि व्हॉल्व्ह कोणी फिरवला यावर सव्वा तास. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. शेवटी एकमतानं वॉचमन दोषी ठरतो. दुसऱ्या दिवशी पाणी महापालिकेच्या मर्जीनं येतं, आणि वॉचमनला रागावल्यामुळं आलं असं सगळ्यांना मनापासून वाटतं.

दोष कुणाचा, या प्रश्नावर मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी डोकं शिणवलं आहे म्हणतात. मी साधा बी.कॉम. माणूस. नीतिशास्त्राशी माझा काय संबंध आला असेल तो कॉलेजच्या पहिल्या वर्षी, जमाखर्चाच्या तासाला. 'घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा' हे वचन सरांनी फळ्यावर लिहिलं आणि 'जन्मभर एवढं लक्षात ठेवा' म्हणून सांगितलं. मी ठेवलं. त्याव्यतिरिक्त काही लक्षात ठेवावं, असं बँकेनं मला अजून तरी सांगितलेलं नाही.

मात्र दोष शोधण्याचंही एक शास्त्र असतं, हे बँकेनंच शिकवलं. २००१ साली मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरं होती. दर शुक्रवारी ताळा जमवायचा आणि तो जमायचा नाही, असा शिरस्ता होता. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क अशा वेळी चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "फरक किती?" समजा चारशे पन्नासचा फरक आला. ते मनातल्या मनात नवानं भागून बघत. भाग गेला की म्हणत, "कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. सातशे वीसचे दोनशे सत्तर झालेत का ते बघा." नवानं भाग नाही गेला तर फरकाचं निम्मं करत. सहाशे चाळीसचा फरक असेल, तर तीनशे वीसची नोंद शोधायची; ती बहुधा जमेऐवजी नावे पडलेली असे. निम्म्या वेळा तरी रक्कम अशी सापडे. उरलेल्या निम्म्या वेळा चहा मागवला जाई.

पण त्यांची एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. 'ही चूक कुणाची?' असं त्यांनी कधी विचारलं नाही. ते विचारत, 'चूक कुठं आहे?' दोन प्रश्नांत फरक एका शब्दाचा आहे. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून माणूस मिळतो, दुसऱ्याला जागा मिळते. आणि माणूस मिळाला की जागा शोधायचा कंटाळा येतो.

हे सगळं आठवायचं कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा. अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी वाचायला घेतात, अण्णांनी सोल्डरिंगची इस्त्री हातात घेतली. गॅलरीत एक टेबल, टेबलावर दिवा, दिव्याखाली हिरव्या पाट्या आणि पाट्यांवर रांगेनं बसलेले काळे, पायवाले जीव. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, अण्णा झुरळं वाळवतायत. ते म्हणाले, "अरे, हे आयसी. तुमच्या भाषेत चिपा." लहानमोठ्या कारखान्यांतल्या जुन्या यंत्रांचे बोर्ड त्यांच्याकडे दुरुस्तीला येतात. नवं कंट्रोल बसवायचं तर लाखांत खर्च, म्हणून मालक लोक जुन्या बोर्डाला म्हाताऱ्या आजीसारखं जपतात. सुटे भाग अण्णा बुधवारातून, पासोड्या विठोबाच्या बाजूच्या दुकानांतून आणतात. विठोबाचं दर्शन त्यात होऊन जातं.

या आयसींचं खानदान मोठं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनं १९६४ साली ५४०० मालिका काढली, ती लष्करासाठी; उणे ५५ अंशांपासून १२५ अंशांपर्यंत टिकणारी. दोन वर्षांनी तीच मंडळी प्लॅस्टिकच्या स्वस्त कपड्यांत ७४०० या नावानं तुमच्याआमच्यासाठी आली. त्यांना फक्त शून्य ते सत्तर अंशांची हमी. म्हणजे अक्कल तीच, सहनशक्ती कमी. सरकारी बँकेतून खासगी बँकेत गेलेल्या माणसासारखं.

प्रत्येकाचं काम ठरलेलं. ७४०० या पहिल्या नंबरच्या आयसीत चार 'नँड' फाटकं असतात. नँड म्हणजे काय, हे अण्णांनी मला समजावलं: दोन जणांकडून निरोप येतो, दोघंही 'हो' म्हणाले तरच हा 'नाही' म्हणतो, एरवी नेहमी 'हो'. मला हे चटकन कळलं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी यांचं ज्या दिवशी एकमत होतं, त्याच दिवशी काम बंद पडतं. "नुसत्या नँडवर अख्खा कॉम्प्युटर बांधता येतो," अण्णा म्हणाले. सोसायटी तर आम्ही बांधलेलीच आहे.

यांचं सगळं जग पाच व्होल्टचं. त्यात ०.८ व्होल्टच्या खाली असेल ते शून्य, २ व्होल्टच्या वर असेल ते एक, आणि मधलं ते त्रिशंकू. शिवाय गंमत म्हणजे, एखाद्याच्या कानाला कोणी तारच जोडली नाही, काहीच ऐकू आलं नाही, तर या जातीचा आयसी ते बहुधा 'एक' असंच धरतो. मौन म्हणजे संमती! माणसांच्या सहवासाशिवाय ही युक्ती त्यांना कशी सुचली, कोण जाणे.

आता मुद्द्याचं. २०१७ साली भोसरीच्या एका छोट्या कारखान्यातून अण्णांकडे एक बोर्ड आला. वॉशर मोजून पिशवीत भरणाऱ्या यंत्राचा. मोजणारं यंत्र म्हटल्यावर मला बिरादरीतलं कोणी आल्यासारखं वाटलं आणि मी स्टूल ओढून बसलो. यंत्राचं दुखणं असं होतं: एककाच्या घरात ० ते ७ आकडे नीट यायचे, आणि सातानंतर पुन्हा शून्य. आठ आणि नऊ जणू या जगात नाहीतच. दशकाच्या घरातला आकडा तर जागचा हलायला तयार नाही.

मोजायचं काम ७४९० या आयसीचं. एक ७४९० एकक मोजतो आणि नवावरून शून्यावर आला की शेजारच्या दुसऱ्या ७४९० ला हातचा एक देतो. तो दशक मोजतो. आपण दुसरीत शिकलो तेच, फक्त बोटांऐवजी तांब्याच्या रेघा. अशी अवस्था दिसल्यावर तुम्ही आम्ही काय म्हणू? एककाला धड मोजता येत नाही, हातचा देता येत नाही, तेव्हा एकक बिघडला. दशकाचं काय, तो बिचारा हातच्याची वाट पाहत बसलाय. कारखान्यातल्या वायरमननं हाच न्याय केला होता. एककाचा आयसी काढून नवा बसवला. फरक पडला नाही. तोही काढून तिसरा बसवला. फरक पडला नाही. मग बोर्ड अण्णांकडे आला. सोबत एका काडेपेटीत आधीचे दोघे.

त्या दोघांना एकही पाय नव्हता.

याचं कारण ऐकण्यासारखं आहे. आयसीचे चौदा पाय पाटीवरच्या चौदा भोकांतून आरपार जातात आणि पलीकडून त्यांना डाग दिलेला असतो. डाग म्हणजे सोल्डरिंगचा. भांड्याला देतात तसा. चौदा ठिकाणचा डाग एकाच वेळी वितळवून आयसी अखंड बाहेर काढणं फार कटकटीचं. जास्त उष्णता दिली तर पाटीवरचं तांबंच उचलून येतं, मग बोर्ड कायमचा गेला. म्हणून जाणकार माणूस सरळ कटर घेतो, चौदाच्या चौदा पाय कापतो, धड बाजूला काढतो आणि मग एकेक पाय निवांत उपटतो. उरलेलं शिसं पंपानं ओढून भोकं साफ करतो. बोर्ड वाचतो. आयसी मरतो, पण तो तर बिघडलेलाच होता ना!

"बिघडलेला होता हे कशावरून?" अण्णांनी मला विचारलं.

"बदलल्यावर यंत्र चाललं की कळतं," मी म्हणालो.

"आणि नाही चाललं तर?"

मी काडेपेटीकडे बघितलं. तो निर्दोष ठरला तरी आता उभा कोणत्या पायावर राहणार?

अण्णांची रीत निराळी. त्यांनी आधी प्रत्येक आयसीला वीज पोचते का ते पाहिलं. चौदा पायांच्या बहुतेक आयसींना चौदाव्या पायावर पाच व्होल्ट आणि सातव्यावर जमीन लागते; ७४९० चं जेवायचं तोंड मात्र पाचव्या पायाला आणि जमीन दहाव्याला. हे ठाऊक नसलं तर पोटभर जेवलेला माणूस उपाशी दिसतो आणि उपाशी माणूस आळशी दिसतो. मग त्यांनी मला सांगितलं, "एककावर बोट ठेव." ठेवलं. कोमट लागला.

"तापलाय. म्हणजे हाच बिघडला," मी म्हणालो. इतका उघड पुरावा बँकेतही मिळत नाही.

"तापलाय कारण तो ओरडतोय," अण्णा म्हणाले. "तो जीव तोडून 'एक, एक' म्हणतोय आणि कोणीतरी ती रेघ खाली दाबून धरलीय."

मग त्यांनी मीटर लावला. आयसी स्वतःहून 'शून्य' म्हणतो तेव्हा रेघेवर व्होल्टचा एक-दोन दशांश तरी शिल्लक असतो. इथं मीटर स्वच्छ ०.०० दाखवत होता. इतकं शुद्ध शून्य कोणी मनानं बोलत नाही, ते बोलायला लावलेलं असतं, असं अण्णांचं मत. त्या रेघेवर तिघे जण होते: बोलणारा एकक, ऐकणारा दशक आणि एककाचा आकडा लाल दिव्यांत उमटवणारा तिसरा. तिघांपैकी कोण? अण्णांनी कटर उचललाच नाही. एक धारदार पातं घेतलं आणि पाटीवर दशकाकडे जाणारी तांब्याची केसाएवढी रेघ टोकाशी कापली. यंत्र चालू केलं. सहा, सात, आठ, नऊ! आठ आणि नऊ वनवासातून परत आले.

म्हणजे दोषी कोण, तर दशक. त्याच्या ऐकायच्या पायाचा आतल्या आत जमिनीशी संबंध जुळला होता. जो निरोप येईल तो हा खाली ओढायचा, आणि वर 'मला कोणी काही कळवलंच नाही' म्हणून गप्प बसायचा. असे दशक मी हेड ऑफिसात पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या जमाखर्चाच्या सरांची आठवण आली. घेणाऱ्याच्या नावे! चाळीस मार्कांच्या त्या वचनात एवढा अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

अण्णांनी दशक काढला. त्या जागी थेट नवा आयसी न बसवता आधी चौदा भोकांचा एक बेस बसवला आणि त्यात आयसी नुसता दाबला. कापलेल्या रेघेवर डागाचा एक ठिपका दिला. ती पहिल्यासारखी झाली. "रेघ कापली तर जोडता येते," ते म्हणाले, "पाय कापला तर नाही. तपासणी करायची ती उलटवता येईल अशी करावी. आणि बेस असला की संशय आला तर काढायचं, तपासायचं, चांगला निघाला तर परत बसवायचं."

इथवर दुरुस्ती झाली. पण त्यानंतर अण्णांनी जे केलं ते मला समजेना. काडेपेटीतल्या त्या दोन लुळ्या आयसींच्या खुंटांना त्यांनी बारीक बारीक तारा जोडल्या. अठ्ठावीस तारा! तास-दीड तास गेला. मग दोघांना पाळीपाळीनं वीज देऊन मोजायला लावलं. दोघंही ० ते ९ बिनचूक मोजत होते. अण्णांनी तारा काढल्या, दोघांना परत काडेपेटीत ठेवलं आणि पेटीवर पेनानं लिहिलं, 'चांगले.'

"अहो अण्णा, दोन वडापावांच्या किमतीची वस्तू. आणि आता वापरताही यायची नाही. कशाला एवढा खटाटोप?"

"खराब म्हणून काढले होते ना? ते खराब नव्हते, एवढं कुठंतरी लिहिलेलं असावं."

बी.कॉम. माणसाला हे पटायला वेळ लागतो. ज्या नोंदीनं शिल्लक बदलत नाही, ती नोंद करायचीच कशाला?

पुढच्याच वर्षी आमच्या शाखेत तीन नंबरच्या काउंटरवर कॅश कमी यायला लागली. ते पेमेंटचं काउंटर. तिथं बसायचा एक नवा मुलगा, मराठवाड्यातून आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा, बोलायला हळू. कधी पाचशे कमी, कधी हजार. कॅश कमी आली की कॅशियरनं खिशातून भरायची, हा बँकेचा सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा न्याय. दीड महिन्यात त्या पोरानं साडेचार हजार भरले. 'चोर आहे' असं कोणी म्हणालं नाही, आमची शाखा सुसंस्कृत आहे. 'जरा वेंधळा आहे' असं सगळे म्हणाले. वेंधळा म्हणण्यातली सोय अशी, की त्याला पुरावा लागत नाही आणि त्याविरुद्ध अपीलही नसतं. वेंधळा ठरल्यावर तो पोरगा एकेक पुडकं तीन-तीनदा मोजायला लागला, त्याच्यापुढची रांग वाढली, आणि रांग वाढली म्हणून तो आणखी वेंधळा ठरला. आमच्याकडे बोट ठेवून बघायची पद्धत असती, तर तोही कोमट लागला असता. शेवटी 'प्रशासकीय कारणास्तव' त्याची दीडशे किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावी बदली झाली. नुकतीच त्यानं आईला इकडे आणून खोली घेतली होती.

त्याच्या जागी मला बसवलं. चौथ्या दिवशी दुपारी माझे पाचशे कमी आले.

आता बघा. रेघ तीच, फरक तोच. पण मी वेंधळा ठरलो नाही! माझी सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेली. साहेब स्वतः उठून आले आणि म्हणाले, "तुमच्याकडे कमी येते म्हणजे काहीतरी गडबड आहे. मशीन बघायला पाहिजे." हे वाक्य ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण घशात काहीतरी अडकलं. मशीन दीड महिना तिथंच होतं. ते बघायची बुद्धी व्हायला आधी त्याच्यासमोर जुना माणूस बसावा लागला.

मी आमच्या जुन्या हेडक्लार्कांचं स्मरण केलं आणि आकड्यांना विचारलं. पोराच्या नऊही नोटा पाचशेच्या होत्या. शंभराची एकदाही नाही. नेहमी कमी, जास्त कधीच नाही. वेंधळेपणा इतका शिस्तीचा नसतो. वेंधळ्या माणसाची कॅश कधीतरी चुकून जास्तही यायला हवी. मग अण्णांचं स्मरण केलं आणि सुचवलं, "साहेब, माझं नोटा मोजायचं मशीन दोन नंबरला द्या, त्यांचं मला." मशीन गेलं तशी कमी रक्कमही त्याच्यामागोमाग दोन नंबरच्या काउंटरवर गेली. तंत्रज्ञ आला. आतला रबरी रोलर झिजून फट वाढली होती. नव्या करकरीत नोटा एकमेकींना चिकटून दोन-दोन जायच्या आणि मशीन एकच मोजायचं. शंभर नोटांचं पुडकं नव्व्याण्णव दिसायचं, आणि इमानदार कॅशियर त्यात एक नोट आपल्याकडची घालून द्यायचा. एकशे एक. ज्या गिऱ्हाइकांना ती जास्तीची नोट मिळाली, त्यांतलं कोणीही परत करायला आलं नाही. घरी जाऊन कोण मोजतंय, असं आपण समजू या.

रोलर बदलला. दुरुस्तीच्या रजिस्टरात नोंद झाली. मी साहेबांना विचारलं, "आता त्या पोराला परत आणायचं ना?"

"का? त्याला शिक्षा थोडीच केलीय?" साहेब म्हणाले. "प्रशासकीय बदली आहे ती."

ही खरी गोम आहे. दोषी ठरवलाच नव्हता, तर निर्दोष कसा ठरवणार? त्याला बदलून पाहिलं, ही जर तपासणी होती, तर निकाल हाती आल्यावर त्याला परत आणून बसवायला हवं होतं. आणि शिक्षा होती, तर आधी तपासणी व्हायला हवी होती. आपण दोन्ही एकाच कागदावर उरकतो. तपासणी म्हणून माणूस काढतो आणि शिक्षा म्हणून बाहेर ठेवतो.

साहेबांचीही बाजू आहे. ते दुष्ट नव्हेत. बोर्ड महाग आणि आयसी स्वस्त, म्हणून आयसीचे पाय कापून बोर्ड वाचवायचा, हे भोसरीच्या वायरमनला चालतं, चालायलाही हवं. कुळासाठी एकाला सोडावं, गावासाठी कुळाला आणि देशासाठी गावाला, अशा अर्थाचं सुभाषित आपल्याकडे आहेच. प्रशासकीय बदल्या करणाऱ्या सर्वांना ते न शिकवता येतं. पण त्या सुभाषिताचा शेवटचा चरण त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यात म्हटलं आहे की स्वतःच्या आत्म्यासाठी सगळी पृथ्वीही सोडावी लागली तर सोडावी. म्हणजे ज्यानं हे रचलं, त्याचा हिशेब मोठ्या आकड्यापाशी येऊन थांबलेला नव्हता. शेवटी तो एकाच माणसापाशी परत आला होता. शिवाय काडेपेटीतल्या आयसीला आई नसते.

मी त्या पोराला फोन केला. मशीनचं सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, मग मला परत बोलावतायत का?" मी म्हणालो, "तसं अजून काही नाही." "बरं," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्या मुलांची चौकशी केली.

त्या संध्याकाळी मला अण्णांची काडेपेटी आठवली. दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं रजिस्टर मागवलं. त्यात तारीख, यंत्र, बिघाड, खर्च असे रकाने आहेत. माणसासाठी रकाना नाही. पण शेवटी 'शेरा' म्हणून एक अरुंद रकाना असतो, जो आजवर कोणी भरल्याचं मला आठवत नाही. त्यात मी बारीक अक्षरात लिहिलं: 'काउंटर क्र. ३ वरील आधीच्या कॅशियरची रु. ४,५०० ची कमी रक्कम याच बिघाडामुळे. सदर कर्मचाऱ्याचा दोष नाही.' खाली तारीख घालून रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी न वाचता सही केली. न वाचता सही करण्याच्या पद्धतीचा बँकेत सहसा तोटाच होतो, पण कधीमधी ती उपयोगीही पडते.

पुढं ऑडिट आलं. ऑडिटर मात्र वाचतात. त्यांनी हरकत काढली: 'कर्मचाऱ्याबाबतचा शेरा यंत्रदुरुस्तीच्या रजिस्टरात कोणत्या नियमान्वये घेण्यात आला, याचा खुलासा व्हावा.' साहेबांनी मला बोलावलं. मी म्हणालो, "नियम नाही साहेब." "मग खोडून टाका." "सहीखालची नोंद खोडता येत नाही." हा नियम मात्र आहे, आणि तो साहेबांनीच मला दोनदा सांगितलेला होता.

खुलासा कोणाला देता आला नाही. त्यामुळं ती हरकत प्रलंबित राहिली. प्रलंबित हरकत पुढच्या वर्षीच्या अहवालात जशीच्या तशी उतरवून घ्यावी लागते, मूळ मजकुरासकट. साहेब बदलले, ऑडिटर बदलले, ते नोटांचं मशीन भंगारात गेलं. पण दरवर्षी मार्च उलटला की एक नवा ऑडिटर शाखेत येतो, चष्मा लावतो आणि साऱ्या स्टाफसमोर मोठ्यानं वाचतो, 'सदर कर्मचाऱ्याचा दोष नाही.' मग विचारतो, याचं काय करायचं? आम्ही त्याला चहा देतो आणि सांगतो, पुढं ओढा.